पाहुण्यांचे व्याख्यान आणि शहाद्याचा रानपिंगळा

जळगाव-धुळ्याकडील महाविद्यालयांच्या जीवशास्त्र विभागांत वर्षभर कार्यक्रम होत असतात. वन्यजीव सप्ताह, विज्ञान दिन, पाहुण्यांची संशोधनपर व्याख्याने. यांतील अनेकांना आम्ही श्रोते म्हणून बसलो आहोत. दीपप्रज्वलन, स्वागत आणि परिचय यांत पाऊण तास जातो, हे एकवेळ सोडून देऊ. आमची तक्रार वेगळी आहे. काय सापडले ते विद्यार्थ्यांना सांगितले जाते. ते कसे सापडले आणि आधी कोण कुठे चुकले, हे मात्र राहून जाते.

रानपिंगळ्याचेच पाहा. १८८४ नंतर या पक्ष्याचा खात्रीचा नमुना मिळाला नव्हता. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना तो शहाद्याजवळ दिसला. (शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे.) '११३ वर्षांनी सापडला' म्हटले की सभागृहात टाळ्या पडतात आणि वक्ते पुढच्या पारदर्शिकेकडे वळतात. खरी गोष्ट तर तिथेच सुरू होते. मायनर्ट्झहागेन या इंग्रज संग्राहकाने एका रानपिंगळ्याच्या कातड्यावर 'मांडवी, १९१४' अशी चिठ्ठी लावली होती. हे मांडवी गुजरातेत, तापीकाठी. वास्तविक ते कातडे ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेले, जेम्स डेव्हिडसन यांनी खान्देशात जमवलेल्या नमुन्यांपैकी होते! ते उसवून पुन्हा भरले होते. तरी डेव्हिडसन यांची कातडे तयार करण्याची पद्धत त्यात ओळखू आली. खोट्या चिठ्ठ्यांवर विसंबून केलेला शोध फुकट गेला होता. रासमुसेन यांनी त्या बाजूला सारल्या, अस्सल चिठ्ठ्यांवरील ठिकाणे धरली आणि त्या शहाद्यापर्यंत पोचल्या.

जुन्या चिठ्ठ्या फळ्यावर लिहून 'तुम्ही कुठे शोधाल?' असे विचारले, तर द्वितीय वर्षाचा वर्ग तासभर वाद घालील. दोष एकट्या वक्त्यांचा नाही. निमंत्रणातच 'जैवविविधता : आव्हाने व उपाय' असा ऐसपैस विषय दिलेला असतो.

अशाच एका कार्यक्रमात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, घुबड त्यांना दिवसाउजेडी कसे दिसले?" अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले व आभारप्रदर्शन सुरू झाले. रानपिंगळा दिवसाही शिकार करतो. आवारातल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या माथ्यावर ठळक ठिपके असतात, तसे याच्या माथ्यावर नसतात. दोन्ही पक्ष्यांची चित्रे त्या दिवशी व्याख्यात्यांच्या पेटीत होती.