‘परित्यक्त’ कोण? : कॉल-वाटपाच्या परिभाषेविषयी एक टिपण

21 जानेवारी 2004 रोजी केंद्रशासनाने ‘किसान कॉल सेंटर’ ही योजना सुरू केली आणि यवतमाळ जिल्ह्यातील कापूस-उत्पादकास बोंडअळीविषयीचा प्रश्न घरबसल्या विचारण्याची सोय झाली. अशा केंद्रांत कोणाचा कॉल कोणाकडे द्यावयाचा हे संगणकप्रणाली ठरविते. तिची परिभाषा मात्र शेतीच्या वा आरोग्याच्या क्षेत्रातून आलेली नाही. तिचे गणित डॅनिश अभ्यासक ए. के. एर्लांग यांच्या 1909 च्या निबंधापर्यंत मागे जाते, आणि स्वयंचलित वाटपाचे एक आद्य यंत्र 1973 मध्ये एका अमेरिकन विमानकंपनीच्या आरक्षणासाठी उभारले गेले. या परिभाषेतील चार संज्ञा मराठीत कशा उतरतात, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

‘क्यू’ला ‘रांग’ म्हणतात. शब्द निर्दोष आहे, पण कल्पना निराळी. एस.टी.च्या खिडकीपुढील रांगेत पुढच्याची पाठ दिसते आणि मध्येच कोणी घुसल्यास भांडताही येते. येथे प्रणाली अग्रक्रमानुसार क्रम बदलू शकते व ते कोणास दिसत नाही. बोलीतला ‘नंबर लागणे’ हा प्रयोग मला अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात रांग दिसलीच पाहिजे असा आग्रह नाही.

‘एजंट’ हा शब्द तर आपल्याकडे कुप्रसिद्धच! बाजार-समितीत माल नेणाऱ्यास अडत्या, दलाल व एजंट यांत फारसा भेद वाटत नाही. ‘आपला कॉल एजंटकडे जोडत आहोत’ हे वाक्य ऐकून त्याने सावध व्हावे यात नवल नाही. किसान कॉल सेंटरने उत्तर देणाऱ्या कृषि-पदवीधरांस ‘फार्म टेली ॲडव्हायझर’ असे नाव दिले. ते लांबलचक असले तरी दिशा योग्य आहे. ‘सल्लागार’ एवढ्यानेही काम भागले असते.

खरा प्रश्न ‘अबॅन्डन्ड कॉल’ या संज्ञेचा आहे. उत्तर मिळण्यापूर्वीच ज्याने फोन ठेवला त्याचा हा कॉल. इंग्रजीत त्यागाचा कर्ता फोन करणारा. याचे ‘परित्यक्त कॉल’ असे भाषांतर केले, तर काय होते? मराठी कानाला ‘परित्यक्ता’ हा शब्द परिचित आहे. तिला टाकणारा दुसराच असतो, आणि आपली सहानुभूती टाकलेल्या व्यक्तीकडे जाते. भाषांतर चुकले आणि अर्थ मात्र सुधारला, असा हा दुर्मिळ योग होय. ही बाब केवळ शब्दच्छलाची नाही. सेवेचा दर्जा मोजताना, उदाहरणार्थ 80 टक्के कॉल 20 सेकंदांत घेतले की नाही हे पाहताना, असे कॉल हिशेबातून वगळण्याची एक पद्धत आहे. दोष ग्राहकाचा ठरला की वगळणे सोपे जाते. म्हणून ‘परित्यक्त’ हा शब्द कितीही मोह पाडो, मी ‘अनुत्तरित’ हाच शब्द सुचवीन. 2017 मध्ये याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे स्मरले म्हणजे अनुत्तरित प्रश्नाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही.

शेवटची संज्ञा ‘स्किल’. या प्रणालीत मराठी येणे हेही एक ‘कौशल्य’ आणि कीटकशास्त्र येणे हेही एक कौशल्य. कॉल त्यांनुसार वाटला जातो. यामुळे भाषा ही बोलणाऱ्याची न राहता उत्तर देणाऱ्याच्या नावापुढील एक नोंद बनते, आणि ज्या भाषेची नोंद नाही ती प्रणालीपुरती अस्तित्वातच नसते. कोलामीचे एमेनो यांनी केलेले सविस्तर वर्णन 1955 मध्येच प्रसिद्ध झाले. पण आठव्या अनुसूचीत ना कोलामी आहे, ना बंजारा समाजाची गोरमाटी. झरी-जामणीकडील एखाद्या कोलाम वृद्धेने प्रारंभीची ध्वनिमुद्रित सूचना न कळल्याने फोन ठेवला, तर ती रांगेत शिरलेलीच नसते. आणि मोजणी रांगेपासून सुरू होत असेल, तर ‘अबॅन्डन्ड’ या सदरातही तिचा कॉल मांडला जात नाही.