वारली भित्तिचित्र : विवाहचौक ते कुंपणभिंत

महाराष्ट्रातील सार्वजनिक भिंतींवर आज सर्वाधिक परिचित झालेली लोकचित्रशैली म्हणजे वारली होय. गेरूच्या रंगावर पांढऱ्या त्रिकोणी मानवाकृती शाळा, स्थानके व शासकीय कार्यालयांच्या कुंपणांवर आढळतात. डहाणूपासून दूर असलेल्या नांदेड-लातूर परिसरातही 'आपला वारसा' म्हणून त्याच आकृती रंगविल्या जातात. हा वारसा नेमका कोणाचा, हा प्रश्न मात्र सहसा उपस्थित होत नाही.

मूळ वारली भित्तिचित्र हे सुशोभन नव्हे. विवाहप्रसंगी सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक 'लिहितात'. मध्यभागी पालघाट देवी असते, भोवती ताडमाड, पशुपक्षी व शेतीची कामे येतात आणि धवलेरी गीते गाते. या चौकाशिवाय विवाहविधी पूर्ण होत नाही. म्हणजेच तेथील निसर्ग हा देवीच्या सुफलतेचा भाग आहे, पार्श्वभूमी नव्हे.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर आली. जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी तिला विधीबाहेरचे स्वतंत्र जीवन दिले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली. (स्त्रियांची ही कला बाजारात येताच मुख्यतः पुरुषांच्या नावे ओळखली जावी, हेही लक्षणीय.) परंतु मशे यांनी केलेले स्थलांतर अनुभवहीन नव्हते. त्यांच्या चित्रांतील मासेमारीचे जाळे असंख्य सूक्ष्म रेषांनी अवघा पृष्ठभाग व्यापते, कारण ते जाळे चित्रकाराच्या पाहण्यातले आहे. कुंपणभिंतीवर मात्र साच्यातून उमटलेला तारपा-नर्तकांचा फेर तेवढा उरतो. वारली चित्रकलेस २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भूगोलाशी जोडलेल्या या कलेची भूगोलनिरपेक्ष नक्कल सर्वत्र चालावी, ही विसंगती आहे.

वारलीपासून घ्यावयाची असेल तर ती दृष्टी घ्यावयास हवी, आकृती नव्हे. मराठवाड्याच्या भिंतीवर ताडाऐवजी पळस आणि बाभूळ का नसावेत? होट्टलच्या मंदिरातील शिल्पे, खरोशाची लेणी, नांदेडचे गोदाघाट हे विषय दूरचे नाहीत. लातूरच्या गंजगोलाईस येऊन मिळणारे १६ रस्ते आणि त्यांवरील गूळ, मिरची, सोने, पादत्राणे यांच्या बाजारपेठा ही वर्तुळाकार रचना तर तारप्याच्या फेराइतकीच चित्रानुकूल आहे.