‘निर्मूलन’ : एका संज्ञेची चिकित्सा

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. सात कोटी लोकांची रक्ततपासणी व्हावी आणि २०४७ पर्यंत हा विकार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू नये, असे त्याचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट स्तुत्य खरेच. परंतु ‘निर्मूलन’ ही संज्ञा चिकित्सेस पात्र आहे. देवीचे निर्मूलन लस टोचून साधले, कारण तिचा विषाणू बाहेरून शरीरात शिरत असे. सिकल सेलचे मूळ माणसाच्या जनुकातच आहे.

हीमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. मग प्राणवायू उणावताच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवितात. रक्तक्षय, असह्य वेदना, वारंवार जंतुसंसर्ग, प्लीहेची व हाडांची हानी हे त्याचे परिणाम होत. हे भोग मुख्यतः आई व बाप या दोहोंकडून सदोष जनुक मिळालेल्यांच्या वाट्यास येतात. एकाकडूनच तो मिळालेला वाहक सामान्यतः निरोगी असतो. किंबहुना वाहकास हिवतापापासून काही संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखविले. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भाच्या बाबतीत रोगाची शक्यता एक-चतुर्थांश व वाहकत्वाची निम्मी असते.

वाहकांनी परस्परांशी विवाह टाळल्यास रुग्ण बालकांचे जन्म घटतील. जनुक मात्र वाहकांच्या संततीत चालतच राहील. तेव्हा निर्मूलन नक्की कशाचे? या संदिग्धतेचा भार वाहकावर पडतो. तपासणीचे कार्ड ही दुसरी जन्मपत्रिका ठरली, तर निरोगी मुलीवरही दोषाचा शिक्का बसेल.

दुसरा आक्षेप क्षेत्रासंबंधी. अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे. परंतु विदर्भात हा विकार अनुसूचित जातींतही आढळतो, आणि माणसे स्थलांतर करतात. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेल्या नवी मुंबईत राज्याच्या सर्व भागांतील कुटुंबे राहतात. तेथे जमात किंवा जिल्हा पाहून तपासणी करणे अपुरे होय. प्रत्येक गर्भवतीची प्रारंभीच तपासणी, ती वाहक निघाल्यास पतीचीही, आणि दोघांना समुपदेशन, हाच तेथे योग्य क्रम.

म्हणून ‘निर्मूलन’ऐवजी ‘नियंत्रण’ म्हणणे अधिक सत्य ठरेल. अभियानाचे यश वाटलेल्या कार्डांवरून मोजू नये. किती नवजात रुग्णांचे निदान वेळीच झाले आणि किती रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया अखंड मिळाले, यावरून ते मोजावे.