गाळलेल्या रेषा

१:७२ मापाच्या विमानाच्या पंखावर पत्र्याच्या सांध्याची जी रेष कोरलेली असते, ती साधारण ०.२ मिलिमीटर रुंद असते. त्याहून बारीक रेष साच्यात धरणं अवघड. धरली तरी रंगाच्या पहिल्या थरातच बुजते. आता या आकड्याला ७२ने गुणा. खऱ्या विमानावर ती जवळजवळ साडेचौदा मिलिमीटरची फट होईल, करंगळी आत जाईल एवढी. असं विमान कुठलाही अभियंता धावपट्टीवर सोडणार नाही. तरी नव्या किटबद्दल बोलताना पहिली दाद मिळते ती याच रेषांना. मग जोडणारा त्यात काळपट वॉश, म्हणजे पातळ रंग, सोडतो आणि त्या आणखी ठळक करतो.

प्लॅस्टिक किटच्या कलेचं आज जे बरं-वाईट चाललं आहे, ते सगळं मला या रेषेत दिसतं. बरं आधी सांगतो, कारण ते खरंच खूप आहे.

ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीने १९३६मध्ये 'पेंग्विन' या नावाने प्लॅस्टिकच्या विमानांचे सुटे भाग विकायला काढले. ते सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे होते आणि कालांतराने वाकायचे. १९५२मध्ये एअरफिक्सचं 'गोल्डन हाइंड' जहाज वूलवर्थच्या दुकानांत आलं आणि हा छंद शाळकरी पोरांच्या खाऊच्या पैशांत बसू लागला. त्या काळच्या किटमधला वैमानिक म्हणजे खुर्चीला चिकटलेला गोळा. रिव्हेट असे ठसठशीत, की बोटाला टोचावेत. दोन भाग जोडले की मध्ये फट, फटीत पुट्टी, पुट्टीवर पॉलिशपेपर. जोडणाऱ्याची निम्मी कारागिरी कारखान्याच्या चुका निस्तरण्यात जात असे.

हे चित्र पालटलं ते मुख्यतः जपानमधल्या शिझुओका शहरात. तामिया ही तिथली मुळात लाकडाच्या धंद्यातली कंपनी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिने पँथर रणगाडा काढला आणि त्याचं माप ठरवलं ते आत मोटार आणि दोन सेल मावतील अशा बेताने. नंतर मोजून पाहिलं तर ते १:३५च्या आसपास निघालं. आज जगभरचे कारखाने त्या मापाला शास्त्र मानतात. (१:७२ला निदान थोडा तर्क आहे: सहा फुटांचा माणूस एक इंचाचा होतो.) याच तामियाच्या शुनसाकू तामिया यांनी पोर्शची १:१२ प्रतिकृती करायची म्हणून खरी ९११ गाडी विकत घेतली आणि स्क्रू-स्क्रू सुटी केली. ज्या कंपनीचा मालक इतका खोलात गेला, तिच्या किटला पुट्टी लागत नाही यात नवल नाही. चेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्डने पितळी पत्र्यावर आम्लाने कोरलेले बारीक भाग घरोघर पोचवले. क्विंटा स्टुडिओसारखे उत्पादक आता कॉकपिटचं अख्खं पॅनेल रंगीत, उठावदार छापून देतात. कापायचं आणि चिकटवायचं, एवढंच.

मग जोडणाऱ्याच्या हाताला काम काय उरलं? रंग.

हे वळण एकाएकी आलेलं नाही. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी ऐंशीच्या दशकात वॉश आणि ड्रायब्रशची जोडी लोकप्रिय केली. खोलगट जागी पातळ काळा रंग, कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशाने उजळ रंग. पुढे स्पेनमधून लाट आली. मिग हिमेनेझ आणि त्यांच्या बरोबरीच्यांनी वेदरिंगला, म्हणजे झीज आणि मळ रंगवण्याला, स्वतंत्र विद्येचा दर्जा दिला आणि तिची बाजारपेठही उभी केली. धूळ बाटलीत, गंज बाटलीत, तेलाचे ओघळ बाटलीत. युरोपची धूळ वेगळी, रशियाची माती वेगळी. २०१०च्या आगेमागे 'कलर मॉड्युलेशन' आलं: रणगाड्याचा प्रत्येक पत्रा एका कडेला गडद आणि दुसऱ्या कडेला फिकट, जणू वरून ऊन पडलंय.

या पद्धतीची बाजू कमकुवत नाही. वितभर वस्तू घरातल्या दिव्याखाली सपाट आणि खेळण्यासारखी दिसते. तिला वजन द्यायचं तर उजेड-सावलीची थोडी लबाडी करावीच लागते. चित्रकार हेच करतो. माझी तक्रार लबाडीबद्दल नाही. तक्रार ही, की सगळे एकच लबाडी करतात. कुठल्याही स्पर्धेचं टेबल पाहा. आफ्रिकेच्या वाळवंटातला रणगाडा, नॉर्मंडीतला रणगाडा आणि कारखान्यातून कालच निघालेला रणगाडा, तिघांवर सारखेच ओरखडे, सारखाच केशरी गंज. आघाडीवर गेलेले कितीतरी रणगाडे काही महिन्यांतच उद्ध्वस्त झाले. त्यांना इतकं गंजायला सवड कुठली? एक्झॉस्टचा पाइप गंजतो, तापतो म्हणून. खालच्या प्रायमरला घट्ट धरून बसलेला रंग असा जागोजाग सोलवटत नाही. आताची बरीच मॉडेलं रणगाडा पाहून रंगवलेली नसतात, दुसरं मॉडेल पाहून रंगवलेली असतात.

तंत्र आणि कारण जुळलं की काय होतं, हे हेअरस्प्रेच्या युक्तीत दिसतं. मूळ रंगावर केसांचा स्प्रे मारायचा, त्यावर पांढरा रंग, आणि मग ओल्या ब्रशाने घासायचं. खालचा थर पाण्यात विरघळतो, वरचा पापुद्र्याने सुटतो. रशियाच्या हिवाळ्यात सैनिकांनी रणगाड्यांवर पांढरा रंग फासला होता आणि तो पाऊस-बुटांनी असाच निघत गेला. इथे हात तेच करतो जे हवामानाने केलं. तीच युक्ती उन्हाळ्यातल्या ताज्या रंगावर वापरली की नुसता शृंगार.

विमानांत माझी कसोटी मस्टँग. त्या विमानाच्या पंखावरून हवा सुरळीत वाहावी म्हणून कारखान्यात पंखाचे सांधे आणि रिव्हेट पुट्टीने भरून, घासून, वर चंदेरी रंग दिला जाई. बाकीचं धड मात्र उघड्या धातूचं. म्हणजे खऱ्या मस्टँगचा पंख गुळगुळीत आणि किंचित मंद, धड चकचकीत. किटमध्ये पंखावर रेषांचं जाळं कोरलेलं असतं. जाणकार ते भरून टाकतो. कंपनीने पैसे घेऊन दिलेला तपशील तो स्वतःच्या वेळात पुसतो, आणि पाहणाऱ्यांतल्या बहुतेकांना ते अपूर्ण काम वाटतं. मला विचाराल तर त्या पुसण्यात तो कारागीर सर्वांत जास्त दिसतो.

जहाजांत तपशील गाळणं टाळताच येत नाही, म्हणून मला जहाजं जास्त आवडतात. १९७१मध्ये शिझुओकातल्या चार कंपन्यांनी मिळून १:७०० मापाची 'वॉटरलाइन' मालिका काढली. जहाज पाण्याच्या रेषेपासून वर. या मापात माणूस अडीच मिलिमीटरचाही नसतो. डेकच्या कठड्यासाठी ०.१ मिलिमीटरचं पितळ वापरलं तरी त्याचा सातशे पटीने सत्तर मिलिमीटर जाडीचा गज होतो. अचूक राहायचं तर कठडाच नको. तरी कठडा नसला की डेक उघडं-बोडकं वाटतं. मग कुठे लावायचा, कुठे सोडायचा, दोऱ्यांपैकी किती ओढायच्या, हे प्रत्येकाला स्वतः ठरवावं लागतं. उत्तम जहाजं करणारे निम्म्या दोऱ्या गाळतात आणि आपल्याला त्या सगळ्या दिसल्याचा भास होतो. आता मात्र प्रत्येक जहाजासाठी पितळाचे पत्रेच्या पत्रे मिळतात, आणि विकत घेतलेलं लावलंच पाहिजे या हिशोबाने जहाजाचं जाळीचं कपाट होतं.

गनप्ला या यंत्रमानवाच्या किटबद्दल एवढंच: १९८०मध्ये ३०० येनला आलेला तो यंत्रमानव आज या धंद्याचा मोठा आधार आहे. त्याचं मूळ यंत्र जगात कुठेच नाही, त्यामुळे तिथली पोरं रंगाशी बिनधास्त खेळतात. त्यांचा मोकळेपणा रणगाडेवाल्यांनी घ्यायला हरकत नाही.

निरीक्षण शिकवणारी किट नव्हती असं नाही. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या न्यूझीलंडमधल्या विंगनट विंग्जने २००९पासून पहिल्या महायुद्धाची विमानं १:३२ मापात काढली. त्यांच्या पुस्तिकेत जोडणीच्या आकृत्यांशेजारी त्या काळचे फोटो असत. तार कुठे बांधली, कापडावर तेल कुठवर उडालं, हे पाहून मग रंगवायचं. २०२०मध्ये कंपनी बंद पडली. उरलेली किट आता चढ्या भावाने हिंडतात, बहुतेक न उघडलेली.

देखाव्यांच्या बाबतीत अमेरिकेचे शेपर्ड पेन अजून मागे पडलेले नाहीत. सत्तरच्या दशकात मोनोग्रामच्या किटसोबत त्यांच्या देखाव्यांची पत्रकं येत. त्यांची खरी कमाई पेटीतले देखावे: एकाच खिडकीतून पाहायचे, आतला उजेड त्यांनीच ठरवलेला. पाहणारा कुठे उभा राहील हे ठरलं की काय दाखवायचं नाही हेही ठरतं. आपल्याकडे दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोरांना हे उपजत कळतं. मावळा बुरुजाहून उंच असतो, शिवाजी महाराज सगळ्यांहून मोठे, आणि तरी किल्ला पटतो, कारण नजर कुठे जायला हवी हे आधी ठरलेलं असतं.

आता आपल्या विषयांकडे. महाराष्ट्रातला मॉडेल करणाराही टायगर रणगाडा आणि मेसरश्मिट विमानच जोडतो, कारण किट त्यांचीच मिळतात. भारतात आवडी इथे बनलेला विजयंता रणगाडा शिझुओकाच्या कारखान्यांनी कधी काढला नाही. सेंच्युरियन मात्र तामियाने काढला, तैवानच्या एएफव्ही क्लबनेही काढला. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी जो 'फामागुस्टा' लढवला, तो सेंच्युरियनच. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन हात लावण्याच्या अंतरावर उभा आहे. तिथल्या रंगावर विश्वास ठेवू नये. संग्रहालयातले रणगाडे पुनःपुन्हा रंगवले जातात. ओतीव टरेटचा खडबडीतपणा मात्र खरा आहे. पातळ केलेली पुट्टी ब्रशाच्या टोकाने थोपटली की १:३५मध्ये तो जमतो. खेत्रपालांचा रणगाडा करायचा तर गंजाची बाटली बंदच ठेवावी लागेल. तिथे हवी ती लढाई जिथे झाली त्या शकरगडच्या शेतांतली आणि नदीपात्रातली माती, आणि गोळ्यांचे घाव. घाव किती आणि कुठे, हे फोटो आणि लढलेल्यांच्या आठवणी धुंडाळूनच ठरवायला हवं. त्यातलं जे पक्कं सापडणार नाही, ती जागा नुसत्या रंगाची ठेवावी.