कौटुंबिक इतिहास, स्वभाव आणि आत्महत्येची जोखीम : चेन्नईच्या एका अभ्यासाचे चिकित्सक वाचन



‘खाण तशी माती’ आणि ‘स्वभावाला औषध नाही’ या दोन म्हणी तुम्ही लहानपणापासून ऐकल्या असतील. एखाद्या घरात आत्महत्या झाली की शेजारपाजारचे लोक याच दोन म्हणींनी तिचा उलगडा करतात. पाठ्यपुस्तकात आत्महत्येच्या जोखीम घटकांची यादी असते. तिच्यातही ‘कौटुंबिक इतिहास’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ हे दोन घटक भेटतात. परीक्षेसाठी आपण ती यादी पाठ करतो आणि नकळत म्हणींचा अर्थ शास्त्रावर लादतो. ही यादी कशी तयार होते आणि ती काय सांगत नाही, हे एका भारतीय अभ्यासाच्या आधारे पाहू.

1. अभ्यासाचे स्वरूप

डॉ. लक्ष्मी विजयकुमार या चेन्नईच्या मानसोपचारतज्ज्ञ. 1986 मध्ये त्यांनी तिथे ‘स्नेहा’ ही आत्महत्या प्रतिबंधक संस्था स्थापन केली. 1999 मध्ये त्यांचा आणि एस. राजकुमार यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आत्महत्येचे जोखीम घटक जगभर सारखेच असतात का, हा त्याचा प्रश्न होता.

आत्महत्येने मृत्यू झालेल्या 100 व्यक्ती आणि वय व लिंग जुळणाऱ्या 100 जिवंत व्यक्ती अशी तुलना त्यात केली आहे. मृत व्यक्तीची माहिती नातेवाइकांच्या सविस्तर मुलाखतींतून घेतली. या पद्धतीला सायकॉलॉजिकल ऑटोप्सी म्हणतात. मानसिक विकार, कुटुंबातील मानसिक विकारांचा इतिहास आणि अलीकडच्या महिन्यातील ताणाच्या घटना हे तीन घटक ठळकपणे पुढे आले. मृतांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात व्यक्तिमत्त्व विकारही आढळला.

2. जमेची बाजू

आत्महत्येविषयीचे बहुतेक ज्ञान तेव्हा युरोप-अमेरिकेतून येत होते. भारतीय शहरात नियंत्रण गट घेऊन हा प्रश्न विचारणे हेच महत्त्वाचे काम होते. याच संशोधनातून आणखी एक गोष्ट दिसली, तिच्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष कमी जाते. नैराश्य असलेल्या मृतांपैकी बहुतेकांचा तो पहिलाच झटका होता आणि 60 टक्क्यांहून अधिक लोकांचे नैराश्य सौम्य किंवा मध्यम स्वरूपाचे होते. ‘एवढे काही झालेले नाही त्याला’ असे म्हणून आपण ज्यांच्याकडे दुर्लक्ष करतो, त्यांतच हे लोक होते.

3. पहिला आक्षेप : तुलना कोणाशी?

आपला प्रश्न असा आहे : नैराश्य असलेल्या लोकांपैकी कोणाला अधिक धोका? चेन्नईच्या अभ्यासातील नियंत्रण गट मात्र सर्वसाधारण समाजातील लोकांचा होता. कुटुंबात मानसिक विकार असला की मुळात नैराश्य येण्याची शक्यता वाढते. म्हणून मृतांच्या कुटुंबांत असा इतिहास जास्त दिसला, तर तो आत्महत्येचा वेगळा घटक आहे की नैराश्याचीच सावली, हे या तुलनेतून पुरेसे स्पष्ट होत नाही.

त्यासाठी नैराश्य असलेल्यांची तुलना नैराश्य असलेल्यांशीच करावी लागते. अमेरिकेत डेव्हिड ब्रेंट आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये तसे केले. आई किंवा वडील नैराश्याचे रुग्ण असलेली मुले त्यांनी घेतली. ज्यांच्या पालकाने आत्महत्येचा प्रयत्न केला होता, त्या मुलांमध्ये असे प्रयत्न बरेच जास्त आढळले. पेनसिल्व्हेनियातील आमिश समाजाचा 1985 चा अभ्यासही उद्बोधक आहे. तिथल्या शंभर वर्षांतील 26 आत्महत्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश केवळ चार कुटुंबांत होत्या. मात्र नैराश्यासारखे विकार भरपूर असूनही एकही आत्महत्या नसलेली कुटुंबे त्याच समाजात होती. म्हणजे नैराश्याचा वारसा आणि आत्महत्येचा वारसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

4. दुसरा आक्षेप : माहिती कोणी दिली?

मृत व्यक्ती बोलू शकत नाही; तिच्या वतीने शोकात बुडालेले घर बोलते. ‘असे का झाले?’ याचे उत्तर शोधताना आई-वडील जुन्या आठवणी पुन्हा पुन्हा चाळतात. वेड लागलेला चुलता, दारूत गेलेले आजोबा तेव्हा आठवतात. उलट ज्या घरात काही घडलेले नाही, ते घर अशा गोष्टी सहसा झाकते. आपल्याकडे स्थळ पाहताना ‘घराण्यात कोणाला काही नाही ना?’ ही चौकशी होतेच. लग्नाची मुलगी असलेल्या घराने अनोळखी मुलाखतकाराला खरे सांगावे ही अपेक्षा जरा भाबडीच आहे.

याचा परिणाम आकड्यावर किती होतो, ते काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, 100 मृतांपैकी 30 जणांच्या आणि 100 जिवंतांपैकी 5 जणांच्या कुटुंबात इतिहास सापडला. ऑड्स रेशो काढू : 30 भागिले 70, त्याला 5 भागिले 95 ने भागायचे. उत्तर सुमारे 8. आता नियंत्रण गटातील फक्त तीन कुटुंबांनी खरी गोष्ट लपवली होती असे धरा. 5 चे 8 होतात आणि उत्तर सुमारे 5 वर येते. तीन घरांच्या मौनाने आकडा एवढा बदलतो. लहान नमुन्यातील मोठा आकडा वाचताना हे ध्यानात ठेवा.

निदानाचेही तसेच. चेन्नईत 88 टक्के मृतांमध्ये मानसिक विकार आढळला, तर बंगळुरूच्या तशाच अभ्यासात 43 टक्के. शेजारच्या दोन महानगरांत इतका फरक दिसतो, तेव्हा लोकांइतकाच निकषांचा आणि मुलाखतींचाही विचार करावा लागतो.

5. तिसरा आक्षेप : ‘स्वभाव’ म्हणजे नक्की काय?

मृत्यूनंतर नातेवाइकांच्या सांगण्यावरून व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान करणे सर्वांत कठीण. शेवटच्या काही महिन्यांतली चिडचिड नैराश्याची असू शकते. घरच्यांना मात्र ‘तो पहिल्यापासून तापटच’ असे वाटू लागते. शिवाय ‘व्यक्तिमत्त्व’ हा शब्द फार ढोबळ आहे. जॉन मान आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 347 मनोरुग्णांचा अभ्यास केला. आत्महत्येचा प्रयत्न केलेले आणि न केलेले यांच्यात डॉक्टरांनी मोजलेल्या आजाराच्या तीव्रतेने फरक पडला नाही. फरक दिसला तो रुग्णाला स्वतःला जाणवणारी निराशा आणि आवेगी, आक्रमक वृत्ती यांत. नैराश्य सौम्य असूनही धोका का असतो, याचे एक उत्तर इथे मिळते. आवेगावर उपचार आणि सवयीने काम करता येते. म्हणजे स्वभावाच्या या भागाला औषध आहे.

6. जोखीम म्हणजे विधिलिखित नव्हे

2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार भारतात लाखामागे 12.4 आत्महत्या झाल्या. एखाद्या गटाची जोखीम ढोबळमानाने आठपट धरली, तरी वर्षाला लाखात सुमारे शंभर होतात. उरलेले 99,900 त्याच कौटुंबिक इतिहासासह जगत असतात. यादीवरून ‘याचे असेच होणार’ असे भाकीत करणारा विद्यार्थी गणितातच चुकतो.

याहून मोठा पुरावा चेन्नईचाच आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या 1,867 जणांवर पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेचा प्रयोग झाला. चेन्नई हे त्यातील एक केंद्र. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. इतरांशी सुमारे एक तास नीट बोलणे झाले आणि पुढचे 18 महिने ठरावीक अंतराने फोन किंवा भेटीतून विचारपूस झाली. 2008 च्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्या उपचारांच्या गटात 2.2 टक्के, तर विचारपूस झालेल्या गटात 0.2 टक्के लोक आत्महत्येने दगावले. या लोकांची घराणी बदलली नव्हती, स्वभावही बदलले नव्हते. कोणीतरी पुन्हा पुन्हा विचारत राहिले, एवढाच फरक होता.

सारांश

चेन्नईचा अभ्यास मोलाचा आहे, पण त्यातील कौटुंबिक इतिहासाचा आकडा नियंत्रण गटाची निवड आणि नातेवाइकांची स्मृती यांच्या मर्यादेतच वाचावा. जोखीम घटकांच्या यादीचा उपयोग कोणाची विचारपूस लवकर करायची हे ठरवण्यासाठी आहे. कोणावर शिक्का मारण्यासाठी नाही. तुमच्या स्वतःच्या घरात असा इतिहास असेल, तर डॉक्टरांना तो न लाजता सांगा. तो कळला तर उपचार लवकर सुरू होतात. मन फार जड झाले असेल किंवा मित्राची काळजी वाटत असेल, तर टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतूनही बोलता येते.

स्वाध्याय

1. नैराश्य असलेल्यांचाच नियंत्रण गट घेतला, तर चेन्नईच्या अभ्यासाचा कोणता निष्कर्ष बदलू शकेल? कारण द्या.
2. कलम 4 मधील उदाहरणात मृतांच्या गटातील पाच कुटुंबांनीही इतिहास लपवला होता असे धरून ऑड्स रेशो पुन्हा काढा.
3. ‘खाण तशी माती’ ही म्हण आमिश अभ्यासाच्या निष्कर्षाला कुठे लागू पडते आणि कुठे नाही?