निवडीच्या मर्यादा : ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ आणि मुळशीचा इतिहास

प्रस्तावना

राज्यकर्त्यांच्या व मुत्सद्द्यांच्या पत्रव्यवहारास इतिहासाच्या साधनांमध्ये अग्रस्थान दिले जाते. नाना फडणवीस (१७४२–१८००) आणि जॉर्ज वॉशिंग्टन (१७३२–१७९९) हे समकालीन होत. दोघांच्याही काळातील कागदपत्रे विपुल प्रमाणात टिकून राहिली आणि १९३०च्या सुमारास ती प्रसिद्ध करण्याचे मोठे उपक्रम दोन्ही देशांत सुरू झाले. पुढे मात्र या उपक्रमांच्या वाटा भिन्न झाल्या. गो. स. सरदेसाई संपादित ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ (४५ खंड, १९३०–३४) या मालेच्या निवडपद्धतीची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निवडीचे स्वरूप

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर इंग्रजांनी पेशव्यांचे दफ्तर जपले, ते प्रामुख्याने महसूल व इनामांच्या हक्कांची शहानिशा करण्यासाठी. त्यातील हजारो रुमालांत राजकीय पत्रांपेक्षा हिशेबी कागदांचा भरणा अधिक आहे. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा ही विभागांची नावेच त्याची साक्ष देतात. अभ्यासकांना दीर्घकाळ दुर्लभ असलेले हे भांडार जदुनाथ सरकार यांच्या सल्ल्याने सरदेसाई यांनी उतारवयात धुंडाळले आणि मोडीतील कागद बाळबोध लिपीत छापून वाचकांच्या हाती दिले. हे ऋण कोणासही नाकारता येणार नाही.

तथापि, निवडीमागची दृष्टी राजकीय होती. उदगीर, पानिपत अशा प्रसंगांनुसार कागदांची विभागणी झाली. त्यामुळे मोहिमेच्या पत्रातच आलेला कर्जाचा वा रसदेचा मजकूर मोहिमेच्या शीर्षकाखाली झाकला जातो. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून यापूर्वीच केलेल्या निवडीत महसूल व न्याय या विषयांना स्थान होते, हे खरे. परंतु तेथेही नोंदी मूळ क्रमातून सुट्या केलेल्या आहेत.

अमेरिकेतील पुढचे पाऊल

फिट्झपॅट्रिक यांनी संपादिलेल्या वॉशिंग्टनच्या लेखनाचे ३९ खंड (१९३१–४४) याच काळातील. त्यांत प्रामुख्याने वॉशिंग्टनचे स्वतःचे लेखन होते. त्यास आलेली पत्रे वगळली होती. ज्युलियन बॉइड यांनी १९५० मध्ये आरंभिलेल्या जेफरसन-पत्रमालेने लिहिलेली व आलेली अशी दोन्ही बाजूंची पत्रे एकत्र आणली. १९६८ मध्ये सुरू झालेल्या वॉशिंग्टन-पत्रप्रकल्पाने हेच धोरण स्वीकारले. त्याच्या हिशेबवह्याही पुढे संगणकावर आणण्यात आल्या. २०१३ पासून या राष्ट्रनिर्मात्यांची पत्रे महाजालावर विनामूल्य वाचता येतात. आपल्याकडे पु. म. जोशी यांनी काढलेल्या नव्या मालेनंतरही (१९५७–६२) ‘निवड’ हीच चौकट कायम राहिली.

मुळशीचा दाखला

या भेदाचे गांभीर्य मुळशीच्या संदर्भात जाणवते. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी लढा दिला. या खोऱ्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेली होती आणि मोबदल्याच्या प्रश्नावर सावकार व कुळे यांचे हितसंबंध एक नव्हते, हे राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासाने दाखवून दिले. मग या गावांतील जमिनीचे हक्क, कर्ज आणि वतने यांचा पूर्वेतिहास कोठे पाहावयाचा? पानिपतच्या पत्रांत तो सापडणार नाही. त्यासाठी प्रांत अजमास पुणे यासारख्या विभागांकडेच वळावे लागेल. हिरोशी फुकाझावा यांच्यासारख्या जपानी अभ्यासकांनी या हिशेबी कागदांतून ग्रामव्यवस्थेचा इतिहास उभा केला, ही बाब आपणांस अंतर्मुख करणारी आहे.

समारोप

सरदेसाई यांच्या मालेचा दोष निवड करण्यात नाही. एवढ्या मोठ्या दफ्तरात निवड अपरिहार्यच होती. दोष आहे तो पुढील पिढ्यांनी त्या निवडीलाच दफ्तर मानण्याचा. मुत्सद्द्याच्या पत्रातून राज्य कसे चालविले हे कळते; त्या राज्याचा भार कोणी वाहिला, हे हिशेबाच्या कागदातून कळते. ग्रामीण महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मोडीचे अध्यापन नियमित करून आपापल्या तालुक्याच्या कागदांची सूची करण्याचे काम हाती घेतल्यास, सरदेसाई यांनी आरंभिलेले कार्य खऱ्या अर्थाने पुढे जाईल.