गळ्यावरचा काळा रंग

काही वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मी ठासून लिहिले होते की जॉन गूल्डची हमिंगबर्डची चित्रे म्हणजे श्रीमंती सजावट आणि क्रॉफर्ड ग्रीनवॉल्टची छायाचित्रे म्हणजे खरा पक्षी. ते विधान मला मागे घ्यायचे आहे.

हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन्ही खंडांत असतो. आपल्याकडे जास्वंदीवर येतो तो शिंजीर. त्याचे कूळ निराळे. जिवंत हमिंगबर्ड मी पाहिलेला नाही, माझा अभ्यास पुस्तकांतला आणि पडद्यावरचा. पण कॅलिफोर्नियात राहणारा माझा भाचा घरामागच्या अंगणात ‘अ‍ॅनाज हमिंगबर्ड’ टिपतो. साखरपाण्याच्या बाटलीभोवती चार फ्लॅश, मागे छापील हिरवी पार्श्वभूमी. फ्लॅशची ताकद अगदी कमी ठेवली की त्याचा लखलखाट सेकंदाच्या दहा-वीस हजाराव्या भागापुरताच टिकतो. म्हणून पंख गोठतात. शटरचा त्यात फारसा वाटा नसतो.

त्याने मला कच्च्या फाइली पाठवल्या. लागोपाठच्या दोन फ्रेम. पक्षी तोच, फ्लॅश तेच, व्हाइट बॅलन्सही तोच. एकीत गळा झगझगीत गुलाबी, दुसरीत कोळशासारखा काळा. ‘‘मामा, ती काळी बिघडली आहे, पुसून टाक,’’ तो म्हणाला.

ती बिघडलेली नव्हती. त्या गुलाबीला तसे रंगद्रव्यच नाही. पिसाच्या तंतूंत मेलॅनिनच्या सूक्ष्म चकत्या थरांनी रचलेल्या असतात, त्यांच्या आत हवेचे बुडबुडे. या थरांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि ठरावीक कोनातच तो रंग पेटतो. मान जरा वळली की गळा काळा. चार दिशांनी फ्लॅश लावणारा माणूस हा काळाच घालवायला बसलेला असतो.

गंमत म्हणजे हे मी ग्रीनवॉल्टच्याच १९६०च्या पुस्तकात वाचले होते. ड्यू पाँट या रसायन कंपनीचा हा अध्यक्ष. पक्षी टिपून थांबला नाही, पिसांचे भौतिकशास्त्रही त्याने शोधले. त्याचा मजकूर सांगतो की रंग कोनावर अवलंबून आहे. छायाचित्राला मात्र एकच कोन धरून बसावे लागते. मी चित्रांवर विश्वास ठेवला, मजकूर नुसता चाळला.

संपादनात ही चूक आणखी वाढते. ग्रे कार्ड प्रकाशाचा रंग सांगते, पिसाचा कोन नाही. मग सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे सरकते, लाल चॅनल भरून जातो आणि पिसांचे खवले पुसले जाऊन गळ्यावर नेलपॉलिशचा सपाट ठिपका उरतो. तो गुलाबी एसआरजीबीच्या कक्षेत मावतच नाही. प्रोफोटो आरजीबीसारख्या मोठ्या कक्षेत काम करावे, लालाची उजळी उतरवावी, लहान कक्षेत शेवटी यावे. एवढे केले तर खवले तरी वाचतात. ‘अस्सल रंग’ हाती लागला असे तरीही म्हणू नये. या पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो. मेरी स्टॉडर्ड आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रानातले हमिंगबर्ड साधा हिरवा आणि अतिनील मिसळलेला हिरवा वेगळे ओळखत होते. आपल्याला दोन्ही सारखेच.

आता गूल्डकडे. १८४९ ते १८६१ या काळातली त्याची ३६० चित्रे मेलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांवरून झालेली. जिवंत हमिंगबर्ड त्याला दिसला तो १८५७ साली अमेरिकेत, काम निम्म्यावर आल्यानंतर. फांद्यांची, फुलांची मांडणी मला अजूनही नाटकी वाटते. पण चमकत्या भागांत त्याने सोन्याचा वर्ख लावून वर पारदर्शक रंग चढवले. मी ही पाने स्कॅनमध्ये पाहिली होती आणि स्कॅनमध्ये वर्ख मेलेला दिसतो. मराठे राजांच्या काळी तंजावरात बहरलेल्या शैलीचे एक चित्र एका स्नेह्याकडे हातात घेऊन कलते केले, तेव्हा लक्षात आले. वर्ख विझतो, पुन्हा पेटतो. गूल्डचे पान उलटताना गळा काळवंडत असणार. ज्याला मी सजावट म्हटले, त्यात पक्ष्याचा हा स्वभाव होता. ज्याला सत्य म्हटले, त्यात नव्हता.

भाच्याला काळी फ्रेम पुसू दिली नाही. दोन्हींच्या प्रती शेजारी-शेजारी छापून घेतल्या. गुलाबी गळा छपाईत थोडा मातकट आला आहे. काळा जसाच्या तसा उतरला.